करडा ठिपका

विक्रेती: टीव्हीचा जुना डबा चालत नाही म्हणजे नेमकं काय होतं? चित्र येत नाही की आवाज?

नवरा: फुटलाय.

विक्रेती: कसा फुटला? वॉरंटीत बसत असेल तर—

नवरा: पडला.

विक्रेती: किती उंचीवरून?

नवरा: तू पोलिसात आहेस का गं?

विक्रेती: तसं नाही, दादा. फरशीवर पडला तर आतली डिस्क जाते, गादीवर पडला तर बहुधा वाचते. कशावर पडला?

बायको: माझ्यावर.

नवरा: हिला लोकांसमोर विनोद सुचतात. घरी तोंड उघडत नाही. नवा दाखव. घरी टीव्हीला एक आणि माझ्या ट्रकमध्ये एक. मी महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर असतो.

विक्रेती: मग हे दोन आहेत. हा पहिला स्वस्त, पण नेट असेल तरच चालतो. घाटात बंद. हा दुसरा जोडीने येतो. घरचा डबा आणि हा प्रवासातला छोटा पडदा. घरी जे सिनेमे साठवाल ते यातही उतरतात. नेट नसलं तरी बघता येतात.

बायको: अक्षरं मोठी करता येतात का? आईंना बारीक दिसत नाही.

नवरा: तुला विचारलं कुणी? हे बघ, मला एवढंच सांग. घरी टीव्ही कधी लागला, कधी बंद झाला, हे मला गाडीत दिसेल का?

विक्रेती: दिसेल. वेळ येते इथे, खाली.

नवरा: दुपारी दोन ते पाच बंद असला तर ही कुठे गेली होती, हे मला विचारता येईल.

बायको: झोपलेली असते मी.

नवरा: काय म्हणालीस?

विक्रेती: दादा, बोट सोडा त्यांचं.

नवरा: माझ्या बायकोचं बोट आहे. तुझं धरलंय का?

विक्रेती: ते मागे वाकतंय. मोडेल.

नवरा: एकदा मोडलंय. पुन्हा जुळलं. हाडं चिवट आहेत हिची. हा दुसरा दे, जोडीचा.

विक्रेती: यासोबत अडॅप्टर घ्या. ट्रकची बॅटरी चोवीस व्होल्टची असते, आणि हा चार्जर बारासाठी आहे. थेट लावला तर थोड्याच दिवसांत जळेल.

नवरा: सतरा वर्षं गाडी चालवतोय. गाडीचं मला तू शिकवणार? नको तुझा अडॅप्टर. उगाच गळ्यात मारायची कामं.

विक्रेती: बरं. आता नोंदणी करायची. नाव, नंबर, पासवर्ड.

नवरा: ए, कर ते. असली कारकुनी हिची. बाहेर कोण हॉर्न बडवतोय बघतो, माझीच गाडी आडवी असेल. मी येईपर्यंत झालं पाहिजे.

विक्रेती: गेले ते. बोट दाखवा, ताई. हलतंय का?

बायको: हलतंय. या बाजूला येऊन बोला, डाव्या कानाने मला ऐकू येत नाही.

विक्रेती: जन्मापासून?

बायको: मार्चपासून. शुक्रवारी येतो म्हणाले होते, बुधवारी आले. मी बॅग भरत होते. नेहमी असंच करतात, सांगतात एक दिवस आणि येतात भलत्याच. माझ्या बहिणीने घर बघून ठेवलंय. पण हे कधी दारात उभे राहतील, कळतच नाही.

विक्रेती: ताई, ही नोंदणी दोन प्रकारची असते. एक मालकाची, बाकीची नुसती बघणाऱ्यांची. बघणाऱ्याला टीव्हीची वेळ दिसते. मालकाला आणखी एक गोष्ट दिसते. छोटा पडदा कुठे आहे ते. हरवला तर सापडावा म्हणून.

बायको: कुठे म्हणजे? नकाशावर?

विक्रेती: नकाशावर. ठिपका असतो. तुमच्यापासून किती किलोमीटर तेही येतं. तुमच्या मोबाइलवर बघता येईल.

बायको: मालक कोण, हे त्यांना दिसतं?

विक्रेती: नाही. कोणाचा नंबर घालू?

बायको: माझा.

विक्रेती: आणि हा माझा. कागदावर नको, पाठ करा. काहीही अडलं तर फोन करा.

बायको: ते आले. मोठ्याने बोला काहीतरी.

विक्रेती: रिमोटचे सेल वेगळे घ्यावे लागतील, दादा.

(नऊ दिवसांनी. फोनवर.)

बायको: ओळखलंत? बोटवाली.

विक्रेती: ओळखलं. कुठे आहात?

बायको: घरीच. पाच वाजताच्या बसने निघतेय. मी रोज ठिपका बघते. आता ते सर्वांत लांब आहेत, तीनशे नव्वद किलोमीटर. सकाळपासून तिथेच आहेत. माल उतरवत असतील ना? फक्त एकदा तुमच्याकडून खात्री करून घ्यावी म्हटलं.

विक्रेती: सकाळपासून अजिबात हलला नाही?

बायको: केसभरही नाही.

विक्रेती: ताई, ठिपक्याचा रंग कोणता आहे?

बायको: आधी हिरवा असायचा. आता करडा आहे.

विक्रेती: त्याच्या खाली बारीक अक्षरात वेळ असेल. ती वाचा.

बायको: नऊ.

विक्रेती: पडदा बंद पडलाय. त्याने अडॅप्टर घेतला नव्हता, जळाला असेल. बंद पडला की ठिपका शेवटच्या जागी तसाच राहतो. गाडी तिथे आहे असा त्याचा अर्थ नाही. नऊ वाजता तिथे होती, एवढंच. हे मी तुम्हाला दुकानातच सांगायला हवं होतं. चूक माझी आहे.

बायको: म्हणजे ते कुठे आहेत?

विक्रेती: माहीत नाही. तो कधी येतो म्हणालाय?

बायको: परवा.

विक्रेती: मग परवा धरायचं नाही. रिकामा ट्रक, ताशी पासष्ट. तीनशे नव्वदला सहा तास. सकाळचे नऊ आणि सहा, म्हणजे दुपारचे तीन. आता किती वाजलेत?

बायको: तीनला दहा कमी.

विक्रेती: बॅग भरली?

बायको: अर्धी.

विक्रेती: अर्धीच घ्या. कागदपत्रं आहेत का आत? तेवढं बास. निघा.

बायको: थांबा. आई दारात उभ्या आहेत. फोन स्पीकरवर होता, त्यांनी ऐकलं सगळं.

सासू: कोणाशी बोलतेस?

बायको: कोणाशी नाही, आई.

सासू: दे इकडे तो फोन.

बायको: आई, तुमच्या पाया पडते. त्यांना सांगू नका. या वेळी ते मला जिवंत ठेवणार नाहीत.

सासू: माहितीये मला ते. फोन इथेच ठेव. तुझा ठिपका कुणाला दिसायला नको. मागच्या दाराने जा, चपला हातात घे. आणि रडत बसू नकोस, रडायला बसमध्ये वेळ मिळेल.

बायको: तुम्ही?

सासू: मी इथेच बसते. वळली का गाडी गल्लीत? त्याच्याच ब्रेकचा आवाज हा. जा म्हणते ना.

विक्रेती: हॅलो? ताई?

सासू: ती आत गेली मागच्या खोलीत. मी तिची सासू. दुकानातली पोरगी ना तू?

विक्रेती: हो. आजी, तुम्हीही निघा. ती नाही म्हटल्यावर तो तुम्हाला मारेल.

सासू: त्याच्या बापाने मारलंय. याचा हात त्याच्याएवढा जड नाही. ते राहू दे. मला या नव्या डब्यातलं काही कळत नाही. टीव्ही लावलाय मी, आता आवाज वाढवायचाय. जुन्यावर मला बटण बघावंही लागायचं नाही. तिला मारायला लागला की मी मोठा करायची. आठ वर्षं. ऐकू येऊ नये म्हणून.

विक्रेती: रिमोटवर उजवीकडे, वरचं बटण. त्यावर अधिकची खूण आहे. दाबून धरा.

सासू: सापडलं. तो कडी वाजवतोय. कुठवर जातो हा आवाज?

विक्रेती: शंभरापर्यंत.

सासू: पुरेल. मागचं दार फार कुरकुरतं.