ग्रुपवर टाकलं होतं

हसू नका हं, सांगतो. पेपरात मी आयुष्यभर निधनवार्ता लावल्या. अख्खं नाशिक सकाळी आधी तेच पान उघडायचं. परवा सिन्नरला गेलो, म्हटलं अरुणला भेटू, जुना दोस्त. तर समोरच त्याचा हार घातलेला फोटो.

त्याच्या मुलाला म्हटलं, "अरे, कधी झालं हे? पेपरात का नाही दिलंस?"

"पेपर आता कोण वाचतं, काका? बाबांच्या सगळ्या ग्रुपवर टाकलं. योगावाले आले, भजनवाले आले, कंपनीतले आले. खांद्याला माणसं कमी नाही पडली."

"मी कुठल्याच ग्रुपवर नाही रे."

पोरगं खरंच काळजीत पडलं.

"मग काका, तुमचं आम्हाला कसं कळणार?"