दहा-पाचचा पंखा

दुकानवाली : बारा इंची पंखा? या एवढ्याशा मॉडेल विमानाला? काका, विमान उडायच्या आधी मोटर धूर काढेल.

काका : नाही, म्हणजे मला वाटलं, दहाचा पुरत नसेल. मोठा जास्त ओढेल.

दुकानवाली : बॅटरी ओढेल. शिवाय तुमची चाकं बघा केवढीशी. बाराचा पंखा जमिनीला घासेल.

काकू : घासू दे. नाहीतरी आठ महिने हे विमान मैदानातलं गवतच कापतंय.

काका : तीन पंखे मोडले, तिसरा अजून बसवलेलाच आहे. तिन्ही वेळा धावत जाऊन सरळ कुंपणात.

दुकानवाली : तिन्ही दहा-पाचचेच?

काका : हो. दहा म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा इंच, आणि पाच म्हणजे एका फेऱ्यात पाच इंच पुढे सरकतो. पुस्तकात दिलंय. सरकतो म्हणजे, सरकायला हवा.

काकू : यांना पुस्तक पाठ आहे गं. विमानाला वाचून दाखवायचं तेवढं राहिलंय.

काका : चूक माझीच असणार. गोंद मी जरा सढळ हाताने लावतो, वजन वाढलं असेल. हे बघा, आज शेवटचा प्रयत्न. नाही उडालं तर विमान तुम्हीच ठेवून घ्या. कुणीतरी जाणकार नेईल.

काकू : हे कधी ठरलं?

काका : बसमध्ये.

काकू : मी शेजारीच बसले होते की.

काका : तू खिडकीतून बघत होतीस.

काकू : निवृत्त झाल्यावर दोन वर्षं हा माणूस खुर्चीतून हलत नव्हता. विमान आलं तसा मैदानावर जायला लागला, चार लोकांशी बोलायला लागला. तू ते ठेवून घेऊ नकोस हं. सांगून ठेवते.

दुकानवाली : थांबा, काकू. काका, विमान जरा इकडे करा. हा पंखा तुम्ही असाच बसवला होता?

काका : का? सैल आहे?

दुकानवाली : घट्ट आहे. पण पात्यावरचे दहा-पाचचे आकडे मागच्या बाजूला आहेत.

काका : मुद्दाम. वाचणारा मागे उभा असतो ना.

दुकानवाली : वाचणारा?

काका : म्हणजे मीच. छत्तीस वर्षं ग्रंथालयात होतो. पुस्तकावरचं नाव नेहमी वाचणाऱ्याकडे करून ठेवायचं. हात आपोआप तसाच जातो.

दुकानवाली : आकडे पुढे हवेत, काका. विमान जाणार त्या दिशेला. पात्याची फुगीर बाजू पुढे. हा उलटा बसलाय, नुसती हवा घुसळतोय.

काका : अच्छा.

दुकानवाली : आधीचे दोन?

काका : तेही वाचता येत होते.

काकू : आठ महिने.

काका : हसू नकोस गं. त्या बघतायत.

काकू : तीही हसतेय.

दुकानवाली : हा घ्या, दहा-पाचचाच. बसवून देऊ?

काका : नको. मी बसवतो. तुम्ही फक्त लक्ष ठेवा.

(त्याच दुपारी, मैदानावर.)

काकू : आकडे?

काका : पुढे. तू त्या कुंपणापाशी उभी राहू नकोस. त्याची ओढ तिकडेच असते.

काकू : सोडा आता.

काका : थांब, रिमोट परत एकदा तपासतो.

काकू : मला मागणी घालतानाही असंच थांब-थांब चाललं होतं. सोडा.

काका : निघालं. अगं, चाकं बघ.

काकू : काय झालं चाकांना?

काका : गवतात नाहीत.

काकू : अहो, कुंपणावरून गेलं की.

काका : वळतंय. मी वळवलं म्हणून वळतंय.

काकू : त्याच्या पोटाला लाल पट्टे आहेत? मला कधी दाखवले नाहीत.

काका : ते खालूनच बघायचे होते.

काकू : छान आहेत. मग आता चेहरा का पडला?

काका : उतरवायचा धडा मी वाचलाच नाही. तशी वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

काकू : बॅटरी किती चालते?

काका : आठ मिनिटं.

काकू : मग राहू दे की थोडं वर. घाई कुणाला आहे?