सांबरखिंडीतली न संपलेली सभा

खंडू, बस खाली. चप्पल काढ आणि बस. सांबरखिंडीतनं जातो म्हणे! परवा निवडून आला, आज पहिली मिटिंग केली आणि लगेच पाय जमिनीला लागेनात. जवळ पडतं म्हणे. मसणवटासुद्धा जवळच पडतो, म्हणून काय रोज जायचं? सुमन, चहा ठेव गं सगळ्यांना. आणि ते दाराशी कोण बसलंय, आत सरका. ही गोष्ट दाराकडं पाठ करून ऐकायची नसते.

ऐका आता. मधे बोलायचं नाही. बोललात तर मी उठेन आणि या खंडूला एकट्याला जाऊ देईन.

ही तान्हूबाई कोकऱ्यांची गोष्ट. खंडूच्याच धनगरवाड्यावरची बाई. पंचवीस वर्षं झाली असतील. बायकांची जागा सुटली, वाड्यानं हिला उभी केली आणि बाई निवडून आली. पंचायतीत सात पंच, त्यात ही एक. काटक बाई, बोलायला कमी, चालायला भारी.

आता धनगरवाड्याला वाटा दोन. खालची काळओढ्यातनं, वरची सांबरखिंडीतनं. पावसाळ्यात ओढा चढला की खालची बंद. मग चार महिने वाडा अल्याड आणि गाव पल्याड. आदल्या आषाढात तान्हूबाईच्या सुनेला कळा लागल्या. झोळी करून चौघांनी उचलली, ओढ्यापर्यंत आणली. ओढा दोन्ही थडी भरून चाललेला. पलीकडं दवाखान्याची जीप उभी, तिचे दिवे दिसत होते. मधे पाणी. पोर ओढ्याकाठी जन्मलं आणि ओढ्याकाठीच गेलं. तान्हूबाईनं ते पदरात घेतलं. तिथं ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "हितं साकव पायजे."

साकव म्हणजे लहानगा पूल, माणसं आणि गुरं जातील एवढा. तर तसा एक साकव पंचायतीला मंजूर झाला. एकच. कुठं बांधायचा ते पंचांनी ठरवायचं. उपसरपंच हैबतरावांना तो हवा होता आपल्या मळ्याकडं, म्हणजे ऊस बाहेर काढायला बरं. तिघं पंच त्यांच्या बाजूचे धरा, त्यांच्यासकट. सरपंच आणि दोघं वाड्याच्या बाजूचे. तीन इकडं, तीन तिकडं. सातवी तान्हूबाई. आलं ध्यानात? बाई हजर तर साकव वाड्याचा. बाई गैरहजर तर 'वाड्याचंच माणूस आलं नाही' म्हणून तिकडचा एखादा वळवून पारडं हैबतराव ओढून नेणार, त्यात काही शंका नाही.

आणि आता हे नीट ऐका, पुढं लागणार आहे. पंचायतीत बाईला कामं दोनच. एक, नाव पुकारलं की "हजर" म्हणायचं. पहिल्यांदा ती हळू म्हणायची, तर हजेरी घेणाऱ्या ग्रामसेवक भाऊसाहेबांनी दोनदा ऐकू आलं नाही म्हणून गैरहजर लावली. तेव्हापासनं बाई अशी ओरडायची की कचेरीच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. आणि दुसरं काम, शेवटी आभार मानायचं. सभा लांबली, कुणाला धार काढायला जायचं असलं की हैबतराव म्हणायचे, बाई, माना आभार. की बाई उठायची, पदर सावरायची, पाठ केलेलं बोलायची. तोवर बाकीचे चपला शोधत असायचे. बाईला मत कुणी विचारायचं नाही. आभार तेवढे तिच्याकडं.

तर सभा ठरली. श्रावण, ओढा फुगलेला. नोटीस तीन दिवस आधी द्यावी लागते. नोटीस निघाली वेळेवर, शिपायाच्या खिशात गेली आणि खिशातच राहिली. शिपाई कसला, शेळी नुसती. एक तर खिंडीला टरकायचा. वरनं हैबतरावांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलेलं, की बाबा, घाई करू नको, पाऊस आहे, निसरडं आहे. गड्याला तेवढंच पुरलं. आदल्या दिवशी दुपारी मन खाऊ लागलं तेव्हा उन्हाची तिरीप बघून खिंड चढला, बाईच्या उंबऱ्यावर कागद ठेवला, वर दगड ठेवला आणि पळत सुटला.

बाई मेंढरं घेऊन आली दिवेलागणीला. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली, चिमणीच्या उजेडात एकेक अक्षर लावत वाचलं. सभा उद्या सकाळी सात वाजता. नवरा म्हणाला, पहाटं जा. ती म्हणाली, पहाटं धुकं उतरतं, पाच मिनिटं उशीर झाला तरी ते उरकून मोकळे होतील, मी आत्ताच जाते आणि कचेरीच्या ओट्यावर निजते. दोन भाकरी बांधल्या, घोंगडी घेतली, कंदील घेतला, काठी घेतली. निघाली.

एकटी. अंधारात. खिंडीतनं.

खिंडीच्या तोंडाशी एक शेंदूर फासलेला धोंडा आहे. बाई त्याच्यापासनं पुढं गेली. चालली, चालली. बघते तर समोर शेंदूर फासलेला धोंडा. म्हणाली, असेल दुसरा. पुढं गेली. पुन्हा धोंडा. तिसऱ्यांदा तिनं भाकरीचा तुकडा त्याच्यावर ठेवला आणि चालली. घामानं पोलकं भिजलं. आणि समोर काय? धोंडा, आणि त्यावर तिचीच भाकरी. चकवा लागला म्हणतात तो हाच. बाई खाली बसली, पदर उलटा करून खोचला, बिरोबाचं नाव घेतलं, उठली. या खेपेला धोंडा आला नाही. बाईला वाटलं, सुटलो.

सुटली कसली. मागनं आवाज आला. संथ, भारदस्त. "तान्हूबाई कोकरे."

आता तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. रात्री मागनं हाक आली तर ओ देऊ नये, मागं बघू नये. बाईलाही ठाऊक होतं. ती चालत राहिली. "तान्हूबाई कोकरे." दुसरी हाक. दात खाऊन चालत राहिली. मग तो आवाज जरासा थांबला. कागद उलटल्याची सळसळ झाली. आणि आवाज म्हणाला, "तान्हूबाई कोकरे, गैरहजर."

झालं! बाईचा जीवच तो. तोंडातनं शब्द निघून गेला. "हजर!"

अख्खी खिंड घुमली. आणि बाईचे पाय जागच्या जागी रुतले.

उजेड झाला. खिंडीत ती जुनी पिंपरण आहे, तिच्या बुंध्याशी दगडी पार. पारावर गॅसची बत्ती जळत होती, पण बत्तीला आवाज नव्हता, की किडा नव्हता. मधोमध एक म्हातारा, पांढरा फेटा, मांडीवर मोठी वही. एका बाजूला खांद्यावर बांगड्यांची माळ घेतलेला कासार. दुसऱ्या बाजूला बैलांचा हेडी, म्हणजे बाजारातला दलाल, हातात कासरा, कासऱ्याला बैल नाही. बाईनं खाली नजर टाकली. तिघांच्याही टाचा पुढं आणि बोटं मागं.

तान्हूबाईनं ओळखलं. म्हाताऱ्यांकडनं ऐकलेलं होतं. हा दाजीबा सरपंच, गावचा पहिला. सभेचं भारी वेड. खिंडीतली वाट रुंद करायची म्हणून त्यानं एकदा या पारावरच सभा भरवली होती. मागल्या सभेचं इतिवृत्त वाचायला बसला तो वाचतच बसला. पंच कंटाळले. एक लघवीला म्हणून गेला, दुसरा बैल सुटला म्हणून गेला, अंधार पडला तोवर सगळे पसार. सकाळी लोक आले तर दाजीबा वही मांडीवर घेऊन बसलेला, थंडगार. सभा संपवली कुणी नाही. तेव्हापासनं ती चालूच. त्याला गणसंख्या पुरी करायला चार माणसं लागतात. तो एक, कासार दोन, हेडी तीन. हे दोघं वाटसरू कधीकाळी या खिंडीत शिरले आणि पुन्हा कुणाला दिसले नाहीत. चौथं माणूस हवं होतं. चौथी ही आली आणि वर "हजर" म्हणून बसली.

दाजीबानं वही पुढं केली. सही करा म्हणाला, मग कामकाज सुरू. बाईच्या लक्षात आलं, या वहीत नाव पडलं की आपण पण इथंच. सून, वाडा, साकव, सगळं राहिलं. पण बाई पंचायतीत उगाच बसली नव्हती, कान उघडे ठेवून बसली होती. तिनं विचारलं, या सभेची नोटीस मला कधी दिली?

दाजीबा म्हणाला, दिली होती. बाई म्हणाली, मग पोच दाखवा.

म्हातारा पानं उलटायला लागला. उलटतोय, उलटतोय. वारा सुटला, पिंपरण करकरली. पोच काही मिळेना. मग तो चिडला. त्याची मान लांबली, खांद्यापासनं हात लांबला, पारावरनं थेट बाईच्या तोंडापर्यंत आला, हातात टाक, टाकातनं काळं पाणी गळतंय. दुसरा हात आला, त्यानं बाईचं मनगट धरलं, टाक तिच्या बोटांत कोंबला. गारढोण. बाईचे पाय घोट्यापर्यंत मातीत गेले, मग पोटऱ्यांपर्यंत. कंदील विझला. हात ओढत ओढत वहीवर नेला. कागदाला टाक टेकणार, एवढंच बाकी.

आणि बाईच्या मनात काय आलं असेल? हैबतराव आले. धार काढायची वेळ झाली की सात माणसांची सभा कशानं उठते? किती का भांडण असेना, कशानं सगळे चपला शोधायला लागतात?

बाईनं मोकळ्या हातानं पदर सावरला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं. "आजच्या सभेला माननीय अध्यक्ष दाजीबा सरपंच वेळात वेळ काढून आले, रात्रंदिवस बसले, गावाच्या वाटेसाठी झटले, त्यांचे मी पंचायतीच्या वतीनं मनापासून आभार मानते."

म्हाताऱ्याचा हात थांबला. इतकी वर्षं तो बसला होता, पण त्याला हे कुणी म्हटलंच नव्हतं हो! मनगटावरची पकड ढिली झाली. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले म्हणतात.

बाईनं श्वास घेतला. "आणि सभा संपली असं जाहीर करावं, अशी सूचना मांडते."

सूचनेला अनुमोदक लागतो. बाई कासाराकडं बघते, कासार बाईकडं बघतो. मग त्यानं खांद्यावरची माळ सावरली, काकणं किणकिणली. म्हणाला, "माझं अनुमोदन आहे, ताई. मला घरी जायचंय." हेडी म्हणाला, माझं पण.

दाजीबानं वही मिटली.

बत्ती गेली. बाईचे पाय मोकळे झाले. आणि बाई जी पळाली, काठी तिथं, घोंगडी तिथं, काट्यांतनं, दगडांतनं, पडली, उठली, पुन्हा पळाली. खिंड उतरता उतरता मागनं दाजीबाचा आवाज आला, लांबनं, जरा बिचकत, की पुढच्या सभेची तारीख ठरवायची राहिली. बाईनं या खेपेला ओ दिली नाही.

सकाळी सातला कचेरीत हजेरी चालू होती. हैबतराव खुशीत, पान लावत बसलेले. भाऊसाहेबांनी पुकारलं, तान्हूबाई कोकरे. कुणी नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. हैबतराव म्हणाले, लावा गैरहजर. भाऊसाहेबांनी पेन टेकवलं आणि दारातनं आवाज आला. "हजर!"

कबुतरं उडाली म्हणजे उडालीच, पण हैबतरावांचं पानही मांडीवर सांडलं. दारात बाई. लुगडं फाटलेलं, गुडघ्यापर्यंत चिखल, मनगटावर पाच बोटं उठलेली, काळीनिळी. आत येऊन आपल्या खुर्चीवर बसली. साकवाचा विषय आला. हात वर करा म्हटल्यावर तिनं तोच हात वर केला, वळ उठलेला. चार विरुद्ध तीन. साकव काळओढ्यावर.

हैबतरावांचं तोंड बघण्यासारखं झालं. सवयीनं म्हणाले, बाई, माना आभार आणि उठूया. तान्हूबाई बसूनच राहिली. म्हणाली, "आज तुम्ही माना. माझं रात्रीच मानून झालंय."

आणि हैबतरावांना मानावं लागलं! पाठ नव्हतं, तीनदा अडखळले. सरपंच हसले, भाऊसाहेब हसले, दारातली माणसं टाळ्या पिटायला लागली. बाई मात्र तेव्हा रडली. नातवासाठी रडली, पहिल्यांदा. पुढच्या पावसाळ्याआधी साकव उभा राहिला. त्यावरनं पहिली कोण गेली? तिची सून, पोटुशी, पलीकडं जीपमध्ये बसून तालुक्याच्या दवाखान्यात, दुखायच्या आधीच. आणि आली ती पोरगी घेऊन.

आता तुम्ही विचाराल, तात्या, हे तुम्हाला कसं ठाऊक? त्या शेळी शिपायाला बाईनं स्वतः सांगितलं. सभा झाल्यावर तो कचेरीमागं तोंड लपवून उभा होता. बाई त्याच्याजवळ गेली. वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. बाईनं हातावरचे वळ दाखवले, सगळं सांगितलं आणि म्हणाली, "नोटीस वेळंवर देत जा, बाबा. त्या मेलेल्यानं पण दिली न्हवती, आन् तू जित्ता असून दिली न्हाईस."

बघू नका असे. मीच तो. त्यानंतर नोकरी सुटेपर्यंत एक नोटीस खिशात रात्र राहिली नाही माझ्या. साकवावरनं जायचो, बाईच्या हातात द्यायचो, पोच घ्यायचो.

म्हणून खंडू, खिंडीचं नाव काढू नको. कासार आणि हेडी सुटले, पण दाजीबा तिथंच आहे, त्याला पुढची सभा घ्यायची आहे. आणि तू नवा नवा पंच. नाव पुकारलं तर तुझ्याही तोंडातनं निघून जाईल. आभार पाठ आहेत का तुला? नाहीत ना? मग चहा पी, बॅटरी घे आणि साकवावरनं घरी जा. तान्हूबाईनं तो बांधून घेतलाय कशासाठी?