सोळा पिवळी, सोळा काळी

मी, खाली सही करणारी, वय ४६ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार बाजारामागची गल्ली, पाण्याच्या टाकीसमोर, तळमजला. आज सकाळी अकरा वाजता आपण होऊन ठाण्यात आले असून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी माझ्या सासूबाईंसह राहते. घरामागे परसात खुराडे आहे. मी सव्वीस वर्षे कपडे शिवते. दोऱ्याचा रंग कापडाला लावून बघावा लागत नाही, लांबूनच सांगते, असे गिऱ्हाईक म्हणते. माझ्या नजरेवर माझा फार भरवसा होता. हे तक्रारीशी संबंधित आहे म्हणून सांगते.

गेल्या महिन्याच्या चार तारखेस हॅचरीकडून मागवलेली एक दिवसाची चाळीस पिल्ले एकाच खोक्यात आली. ऱ्होड, लेगहॉर्न, ब्रह्मा, काळी ऑस्ट्रेलॉर्प व पट्टेरी रॉक अशा पाच जाती, प्रत्येकी आठ, अशी मागणी होती. कोणते पिल्लू कोणते याची चिठ्ठी नव्हती. मी कापड बेतायच्या टेबलावर ती एकेक करून तपासली. आठ तांबूस, सोळा पिवळी, सोळा काळी भरली. सोबतच्या पत्रकात मोठ्या कोंबड्यांची चित्रे होती. त्यात पट्टेरी कोंबडीला अंगभर पट्टे होते. माझ्याकडच्या एकाही पिल्लाला पट्टा नव्हता. पाचाऐवजी तीनच जाती देऊन फसवले अशी खात्री होऊन मी दुसऱ्या दिवशी येथे तक्रार दिली. त्यातील ‘हॅचरीत पिल्ले निवडणाऱ्या बाईला एकतर जात कळत नाही, नाहीतर ती लबाड आहे’ हे वाक्य माझेच आहे. मला कोणी शिकवले नव्हते.

आठ तारखेस दुपारी चारच्या सुमारास साठीच्या एक बाई दारात आल्या. त्या म्हणाल्या, “मी हॅचरीत पिल्लं निवडते. म्हणजे, निवडत होते. काल मालकांनी काढलं.” एकोणतीस वर्षे त्या तिथे होत्या व सगळे त्यांना मावशी म्हणत, हे नंतर कळले. मी त्यांना आत या म्हटले नाही. किती वेळ त्या पायरीवर उभ्या होत्या ते सांगता येणार नाही. शेवटी सासूबाई आतून ओरडल्या, “अगं, दारात माणूस ताटकळतंय, तुझ्या जिभेला काय झालंय?”

मावशी म्हणाल्या, “भांडायला नाही आले. पिल्लं तेवढी बघू द्या.”

मी पिल्लांचे खोके टेबलावर ठेवले आणि चहाचे आधण चढवून परत आले. मावशींनी चष्मा काढून पदरात ठेवला होता. त्या पिल्लू उचलत, अंगठा पायावरून एकदा खाली फिरवत, डोके उजेडाकडे वळवत आणि बाजूला ठेवत. घरात चार दिवस चिवचिवाट होता. त्यांच्या हातात आलेले पिल्लू मात्र गप्प होई. मी दाराशीच थांबले. पाण्याला आधण यायच्या आत टेबलावर पाच घोळके झाले होते आणि एक पिल्लू त्यांच्या हातात उरले होते.

त्यांनी माझा अंगठा धरून एका पिवळ्या पिल्लाच्या पायावर फिरवला. पायावर मऊ लव होती. दुसऱ्या पिवळ्याचा पाय गुळगुळीत. “लव आहे ती ब्रह्मा. नाही ती लेगहॉर्न.” काळ्यांपैकी आठांच्या डोक्यावर फिका ठिपका होता. तो मी पाहिला होता, पण धूळ समजले होते. “हे पट्टेरी. पट्टे पिसांबरोबर येतात, बाई. ठिपका पसरट आहे ते तीन नर, बाकी पाच माद्या.” हातातल्या काळ्या पिल्लाकडे त्यांनी बराच वेळ पाहिले. “हे मला कळत नाही. काळ्या ऑस्ट्रेलॉर्पात एक कमी पडलं, ती चूक माझी.”

सासूबाई म्हणाल्या, “बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, ते हेच गं.” मी आत धावले. चहाचे आधण आटून गेले होते.

मी पाच रंगांचे दोरे घेऊन पिल्लांच्या पायांत सैल बांधले आणि कोणता रंग कोणाचा ते कागदावर मावशींच्या सहीने लिहून घेतले. तेव्हाही माझा विश्वास बसला नव्हता. पाय वाढतील तसे दोरे मी स्वतः सोडून बांधत होते.

तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी दाणे टाकताना निळ्या दोऱ्याच्या, म्हणजे पट्टेऱ्यांतल्या, एका पिल्लाने पंख ताणला. काळ्या पिसावर आडवी पांढरी रेघ होती, अगदी बारीक टाक्यासारखी. दुसऱ्या दिवशी आठांच्या पंखांवर तशा रेघा होत्या. मी त्या दिवशी मशीनवर बसले नाही. सहाव्या आठवड्यात पट्टेऱ्यांतल्या तिघांचेच तुरे लाल झाले. एकोणचाळीस पिल्लांपैकी एकही कागदाबाहेर गेले नाही. मावशींना न कळलेले, बिनदोऱ्याचे पिल्लू धुरासारखे राखाडी झाले आणि त्याच्या डोक्यावर पिसांचा झुपका आला. मी मावशींना बोलावून आणले. त्या खुराड्यापुढे उकिडव्या बसून त्याच्याकडे बघत राहिल्या. “एवढी पिल्लं हातांखालून गेली, पण हे नाही पाहिलं कधी,” असे म्हणून त्या हसल्या.

आम्ही दोघी मिळून मालकांकडे गेलो. त्यांनी कागद पाहिला, पण ठाण्यात तक्रार आहे तोवर मावशींना कामावर घेता येणार नाही म्हणाले. म्हणून आज आले. साहेबांनी माझ्यासमोर मालकांना फोन लावला. जबाबाची नक्कल मिळताच सोमवारपासून कामावर घेतो, असे मालकांनी कबूल केले आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार उरलेली नाही. पाच तारखेला मी जे सांगितले ते खरे समजून सांगितले होते. ते चूक होते.

ठाण्यात येताना रस्त्यात मी सोबत आलेल्या मावशींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “तुम्ही चाळीसच्या चाळीस हातात घेऊन बघितलीत ना? लोक मोजूनसुद्धा घेत नाहीत.”

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच उतरला आहे. ‘सदर महिला’ असे जिथे जिथे लिहिले होते तिथे माझ्या विनंतीवरून ‘मावशी’ केले आहे. त्या दुरुस्त्यांसह बरोबर आहे, म्हणून सही करते.