टोपीला सांगितलेलं

ताई: आईची रविवारची ती तिकिटं परत खिशात घाल. आई तुझा हा सिनेमा बघणार नाही.

धाकटा: ताई, आल्या आल्या काय हे? बस तरी. आई खालच्या मजल्यावर शिवलेले पडदे द्यायला गेलीय, येईल इतक्यात.

ताई: म्हणूनच पटकन बोलतेय. मी थिएटरमधूनच येतेय. मध्यंतरात उठले. तुझ्या भाचीला मैत्रिणीकडे सोडलं. ती रुसून बसलीय, बोलणारा कुत्रा अर्धाच राहिला म्हणून.

धाकटा: मुलांना तो फार आवडतोय. परवा एक आजोबा नातवाला घेऊन मला शोधत आले, म्हणाले...

ताई: निळी गाडी, छोट्या.

धाकटा: कुठली?

ताई: तुझ्या सिनेमातली. मुलगी शाळेतून लवकर सुटते. दवाखान्यामागच्या गल्लीत तिला वडिलांची गाडी दिसते. शेजारी एक बाई, तिचं डोकं वडिलांच्या खांद्यावर. मुलगी घरी येऊन जिन्याखाली बसते आणि कुत्र्याच्या कानात सगळं सांगते. हे तुला कुठून मिळालं? मी तर फक्त आपल्या टोपीच्या कानात सांगितलं होतं.

धाकटा: मी जिन्यावर बसायचो. तू आणि टोपी खाली. फळ्यांच्या फटीतून सगळं ऐकू यायचं.

ताई: नेहमी?

धाकटा: लहान होतो गं. मला वाटायचं तू तिला गोष्ट सांगतेस. मला ती आवडायची. बाबा त्यात आहेत हेसुद्धा खूप उशिरा डोक्यात शिरलं.

ताई: आणि शिरल्यावर माझ्याकडे आला नाहीस. लिहायला बसलास.

धाकटा: त्यात कुणाचं नाव नाही. घर वेगळं, आई वेगळी. लोकांना काय कळणार?

ताई: तुझ्या भाचीला कळलं. अंधारात मला विचारते, आजोबांची गाडीपण निळी होती ना? आणि तेवढ्यात तुझा तो कुत्रा जाड्याभरड्या आवाजात म्हणतो, मग त्या बाईंची मान दुखत होती का? सगळं थिएटर हसलं. माझ्या पुढच्या रांगेतला एक माणूस तर टाळ्या वाजवत होता.

धाकटा: ती ओळ माझी नाही. दिग्दर्शकाने घातली. म्हणाले, प्रसंग जड होतोय, समोर लहान मुलं बसलीत.

ताई: टोपी कुत्री होती. तिचा साधा बाईचा आवाजही ठेवला नाहीस.

धाकटा: मी भांडलो त्यावरून. खरंच. ताई, ऐक ना. मी हे कुणाची थट्टा करायला लिहिलेलं नाही. त्या घरात तुझं ऐकून घेणारं एक कुत्रंच होतं, हे मला दाखवायचं होतं. बाबा वाईट होते असंही मी म्हटलेलं नाही. पिल्लू आणतात तो प्रसंग किती प्रेमाने केलाय...

ताई: तोच मला बघवला नाही.

धाकटा: का? तसंच तर झालं होतं. बाबा कोटात लपवून टोपीला घेऊन आले. तू नाचलीस. मला आठवतंय.

ताई: बाबांनी मला गाडीच्या काचेतून पाहिलं होतं. त्या संध्याकाळी गच्चीवर नेलं. रागावले नाहीत. म्हणाले, आईला हे कळलं तर ती घर सोडून जाईल, आणि ते तुझ्यामुळे होईल. मग त्याच आठवड्यात टोपी आली.

धाकटा: हे तू टोपीला कधीच सांगितलं नाहीस.

ताई: तिला कसं सांगणार, तुला कशासाठी आणलंय ते? माझं तोंड बंद ठेवायला आणलेली कुत्री ती. आणि तू तिलाच बोलायला लावलंस.

धाकटा: मला खरंच माहीत नव्हतं.

ताई: विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तुला जेवढं फटीतून ऐकू आलं तेवढं पुरलं. आता आईला काहीतरी सांग. खेळ रद्द झाला म्हण, तिकिटं संपली म्हण. तिने एवढी वर्षं ज्या माणसाबरोबर काढली, त्याच्याबद्दल तिला रविवारी मैत्रिणींच्या घोळक्यात कळायला नको.

(आई दारात उभी आहे. हातात रिकामी पिशवी.)

आई: पाहिला मी तो.

धाकटा: आई. कधी?

आई: पहिल्याच दिवशी, दुपारी. मुलाचा सिनेमा, रविवारपर्यंत कोण थांबणार? मैत्रिणींबरोबर पुन्हा गेले असते.

धाकटा: मला काही बोलली नाहीस.

आई: काय बोलणार? घरी आले, पडदे शिवायला बसले. स्वतःला समजावलं, लेखक आहे, मनाने रचलं असेल. सगळे लेखक रचतात. आत्ता दाराबाहेर उभी राहिले तेव्हा ते समाधानही गेलं.

ताई: आई, तू बस आधी. पाणी आणू?

आई: नको. तुला एक विचारते. त्या वर्षी एकदा जेवताना मी ह्यांना विचारलं होतं, उशीर कुठे होतो म्हणून. तुला आठवतं?

ताई: आठवतं.

आई: हे ताटावरून उठून गेले. म्हणाले, तुझ्या डोक्यात संशयाने घर केलंय. दुसऱ्या दिवशी मी तुम्हा दोघांसमोर त्यांची माफी मागितली. तू समोरच बसली होतीस.

ताई: मी बारा वर्षांची होते, आई. मला वाटलं, मी तोंड उघडलं तर तू जाशील.

आई: बारा वर्षांच्या मुलीवर माझा राग नाही. तिला त्यांनी कोंडीत पकडलं होतं. पण मग तू वीस वर्षांची झालीस. मी डॉक्टरकडे जायचे तेव्हा तूच सोबत यायचीस. ते म्हणायचे, तुम्ही फार विचार करता, आणि गोळ्या लिहून द्यायचे. त्या तूच दुकानातून आणायचीस. मला सांगणं तुझ्या हातात होतं की.

ताई: तोवर सगळं शांत झालं होतं. बाबा घरीच असायचे. मला वाटलं, आता कशाला.

आई: घर शांत होतं ते मी शांत बसले म्हणून. आणि हे गेल्यावर? आता तर कुणी कुठे जाणार नव्हतं. मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, कसा देवमाणूस होता, मुलीने न मागता कुत्रा आणून दिला. तू शेजारी बसून मान डोलवत होतीस.

धाकटा: आई, चूक माझी आहे. मी हे बाहेर काढलं.

आई: तुझं वेगळं बोलू. तू मला तिकीट काढायला लावून सांगितलंस. हिने तेवढंही केलं नाही. आणि काय गं, तू मध्यंतरात उठलीस ना? पुढचं तुला माहीत नसेल. तो कुत्रा मुलीला ओढत आईपाशी नेतो. म्हणतो, मी किती दिवस ऐकू, आता हिला सांग. मुलगी सांगते. सगळे रडतात. मी नाही रडले. मी त्या आईकडे बघत बसले.

ताई: मी काय करू सांग. तू म्हणशील ते करते.

आई: आज घरी जा. पोरगी वाट बघत असेल.

ताई: अशी कशी जाऊ?

आई: मी रागात हाकलत नाहीये. मला थोडा वेळ एकटीला बसू दे. त्या खोलीत, मशीनपाशी. तिथे तुझी टोपी दुपारभर पडलेली असायची, तुम्ही शाळेत गेलात की. पायडलवर डोकं ठेवून. ढकलली तरी हलायची नाही.

धाकटा: ती तुझ्याजवळ असायची?

आई: मग कुणाजवळ असणार? मीही बोलायचे तिच्याशी. शिवता शिवता विचारायचे, खरंच माझ्या डोक्यात काहीतरी बिघडलंय का गं?

ताई: आई...

आई: ती वर बघायची आणि हात चाटायची. मला वाटायचं, मुकं जनावर, तिला काय ठाऊक.