हयात मिस्त्रीच्या खुर्चीचा भाव

जबाब. दिनांक ६ फेब्रुवारी १९४४, रविवार, दुपारी तीन वाजता.

नाव सौ. सत्यवती भ्र. गणपत दुधलकर, वय ३९ वर्षे, धंदा लाकडी सामानाला लाखेचे पॉलिश करणे, राहणार घमापूर, जबलपूर. सदर बाजारातील लिलाववाले नथ्थूलाल यांनी आज माझ्याविरुद्ध सामान मोडल्याची फिर्याद दिली आहे. त्यावर मला विचारले असता मी ठाण्यात समक्ष सांगते की,

माझे पती गणपत मिस्त्री या नावाने जबलपुरात ओळखले जातात. वीस वर्षे त्यांनी साहेब लोकांच्या बंगल्यांसाठी खुर्च्या केल्या. त्यांच्या खुर्चीत खिळा नसतो. सांधे लाकडी खुंट्यांनी बसवलेले असतात आणि बैठकीच्या खाली तापल्या लोखंडाने 'ग' अक्षर डागलेले असते. पॉलिश मी करते. बैठकीच्या खालूनही करते, जिथे कोणी बघत नाही. त्यामुळे आमची खुर्ची मी हात लावून ओळखते.

लढाई लागल्यावर चांगले सागवान मिळेना. तेव्हा पती कारखान्यात तोफगोळ्यांच्या पेट्या करण्यास लागले. मागच्या श्रावणात तिथे मशीनच्या करवतीवर त्यांच्या उजव्या हाताची चार बोटे गेली. तेव्हापासून ते घरी आहेत. बोटे गेल्याची गोष्ट आम्ही मोहल्ल्यात बोललो नाही. हाताला लागले आहे, एवढेच सांगितले.

मंगळवारी, १ तारखेस, रथसप्तमी होती. रेल्वे ऑफिसातले कारकून श्रीरंगराव यांच्या घरी मी हळदीकुंकवाला गेले. त्यांच्या पत्नी बेबीताई ओळीने कुंकू लावत आल्या आणि माझ्यासमोर थांबल्या. करंडा त्यांनी मागे घेतला. मी म्हटले, "काहून थांबलात, ताई?" त्या म्हणाल्या, "अहो, तुमचे मालक तर... आणि तुम्ही अशा नटून आलात?" खोलीत चौदा-पंधरा बायका होत्या.

मी म्हटले, "मालक घरी भात खाऊन राहिले आहेत." मग बेबीताईंनी आतून एक छापील कागद आणला. तो नथ्थूलालच्या लिलावाचा होता, इंग्रजीत. त्यात माझ्या पतीच्या नावाआधी 'लेट' असा शब्द होता. लेट म्हणजे गाडी उशिरा येते, एवढेच मला ठाऊक होते. श्रीरंगरावांनी अर्थ सांगितला. कै. गणपत मिस्त्री यांच्या हातच्या शेवटच्या अकरा खुर्च्या, असे त्या कागदावर होते. बेबीताईंनी मग कुंकू लावले. घरी आल्यावर पतींनी विचारले, वाण काय मिळाले. मी त्यांना काही सांगितले नाही.

बुधवारी सकाळी मी नथ्थूलालच्या दुकानात गेले आणि कागद परत घ्या म्हटले. त्यांनी मला बसवले, पाणी दिले आणि सांगितले, "बाई, छप गया सो छप गया. जिंदा मिस्त्री की कुर्सी के पचास मिलते हैं, गुजरे हुए के दो सौ. ये बाजार है, इसमें बुरा क्या मानना?" मी म्हटले, माणूस जिता आहे. त्यावर ते म्हणाले, "तो जीते रहें, मैंने कब मना किया?" दुकानातले नोकर हसले. मी उठून आले.

आज सकाळी साडेदहा वाजता लिलाव होता. मी हिरवे लुगडे नेसून, कुंकू लावून गेले. अकरा खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. बोली सुरू होण्याआधी मी सगळ्यांच्या खालून हात फिरवला. तीन आमच्या होत्या. आठ आमच्या नव्हत्या. खालून लाकूड खरखरीत होते आणि 'ग' अक्षर नुसते काळ्या रंगाने काढले होते.

आठांपैकी एका खुर्चीची बोली एकशे नव्वदपर्यंत गेली तेव्हा मी उभी राहिले. मी मोठ्याने सांगितले की गणपत मिस्त्री मेलेले नाहीत, मी त्यांची बायको आहे, हे माझे कुंकू बघा. शेवटची बोली एका लष्करी ठेकेदाराची होती. ते म्हणाले, "जिंदा है? तो एक सौ नब्बे क्यों दूँ? उसी से नई बनवा लूँगा." लोक हसले. काही जण उठून निघाले. ठेकेदाराने मला विचारले, एक डझन खुर्च्यांना मिस्त्री किती महिने घेईल.

त्यावर मी म्हटले, ते करू शकत नाहीत, त्यांच्या उजव्या हाताला बोटे राहिली नाहीत. हे मी तिथे बोलायला नको होते. ते बोलले याची जबाबदारी माझी आहे.

नथ्थूलालने माझे वाक्य पुरे होऊ दिले नाही. ते टेबलावर हातोडी आपटून ओरडले, "सुना साहब? खुद घरवाली बता रही है! ये हाथ अब दुबारा नहीं बनाएगा! दो सौ से बोलिए!" उठलेले लोक परत बसले. दोनशे वीस झाले, दोनशे साठ झाले. ठेकेदाराने तीनशे म्हटले. माझ्याकडे कोणी बघत नव्हते.

मी ती खुर्ची उचलली आणि फरशीवर आपटली. पहिल्यांदा पाय निखळला, त्यात दोन इंची खिळा होता. तो मी ठेकेदाराला दाखवला. दुसऱ्यांदा पाठ निघाली. तिसऱ्यांदा आपटण्याची गरज नव्हती, तरी आपटली. मग तिच्या शेजारच्या दोन आपटल्या. फिर्यादीत दोन खुर्च्या मोडल्या असे लिहिले आहे, ते चूक आहे. तीन मोडल्या. तिन्हीत खिळे निघाले. आमच्या तीन खुर्च्यांना मी धक्का लावला नाही. माझा हात नोकरांनी धरला तेव्हा आणखी पाच शिल्लक होत्या.

नुकसान नऊशे रुपयांचे आहे असे नथ्थूलाल म्हणतात. लाकूड आंब्याचे होते. पॉलिश एकाच हाताचे होते आणि तेही ओले होते. त्या तिन्ही खुर्च्यांचे मिळून चोवीस रुपये होतात. तेवढे मी देण्यास तयार आहे.

पती हयात असल्याचा पुरावा म्हणून त्यांना ठाण्यात आणता काय, असे ठाणेदार साहेबांनी विचारले. माझे म्हणणे असे की जिवंत माणसाने जिवंत असल्याचा पुरावा देऊ नये. मेल्याचा पुरावा नथ्थूलालने आणावा.

आत्ता ठाण्याच्या ओसरीत नथ्थूलाल मला म्हणाले की फिर्याद मागे घेतो, खऱ्या तीन खुर्च्यांच्या विक्रीत निम्मे देतो, फक्त बाहेर कुठे बोलू नकोस. मला निम्मे नको. जितके कागद वाटले तितकेच, मिस्त्री हयात आहेत असे, पुन्हा छापावेत आणि ज्या ज्या घरी ते गेले त्या प्रत्येक घरी नथ्थूलालने स्वतः जाऊन सांगावे. सुरुवात बेबीताईंच्या घरापासून करावी, आणि त्या वेळी मी तिथे बसलेली असेन. हे कबूल नसेल तर माझी फिर्याद या जबाबाखाली लिहून घ्यावी. पतींना यातले अजून काही माहीत नाही. ते मीच सांगणार आहे, शिपायाने सांगू नये.

लिहून घेणाऱ्या मुन्शीजींनी हा जबाब मला सुरुवातीपासून वाचून दाखवला. वर माझ्या नावाआधी, नथ्थूलालच्या फिर्यादीवरून उतरवताना, 'गं. भा.' लिहिले गेले होते. ते माझ्या देखत खोडून 'सौ.' केले. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे आहे.

सही : सत्यवती गणपत दुधलकर