सदाचा डावा हात

आमच्या सदाचं सांगतो. पलटणीत जुनी एसएलआर रायफल त्यो डाव्या खांद्याला लावून चालवायचा. दर गोळीला तापलेली पुंगळी नाकासमोरनं उडायची, उजवा हात भाजायचा.

"उजव्या खांद्याला लाव की, येड्या!" मी म्हनायचो.

"आईनं जेवताना डाव्या हातावर लाटणं हानलं, तरी न्हाई सुटला. आता काय सुटतोय?"

औंदा सदा अपघातात गेला. पिंपळवंडीत दहाव्याला कावळा पिंडाला शिवंना. भावानं वचन दिलं, "पोरीला शिकवतो." मीबी हात जोडले. तरी न्हाई.

मग म्हातारी उठली. पिंडापाशी वाकून म्हनाली, "जेव बाळा, डाव्या हातानं जेव. आता न्हाई मारायची."

लगीच शिवला, राव.